पंख्याचा स्क्रू आधी नको

प्रश्न : आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळची स्विस संगीतपेटी आहे. आत पितळी सिलिंडर, पोलादी फणी, डावीकडे चावी द्यायचा दांडा. आठ गाणी वाजतात. हल्ली गाणं मध्येच मंदावतं आणि थांबतं. दोन वर्षांपूर्वी मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. ओळखीचे एक घड्याळवाले म्हणतात, उजवीकडचा छोटा पंखा खोलून धुतला की झालं. खोलू द्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आत्ता नको. त्यांचं निदान बरोबर आहे, पण क्रम चुकला तर पेटी जाईल.

डावीकडच्या बॅरलमधली, म्हणजे गोल डबीतली, स्प्रिंग सिलिंडरला ओढत असते. तो गरगर सुटत नाही तो केवळ पंख्यामुळे. सिलिंडरच्या टोकाचं मोठं दातेरी चाक पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चाकाला, फिरवतं, पिनियनबरोबरचं चाक पुढच्याला, असा वेग वाढत शेवटी वर्मपाशी येतो. वर्म म्हणजे आटे पाडलेला उभा, काडीएवढा पोलादी दांडा. पंखा त्याच्यावरच बसवलेला. शेवटच्या चाकाला ४० दाते आणि वर्मला एकच सलग आटा असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात पंखा ४० वेळा हवा कापतो. हवेचा तो अडथळाच गाण्याची लय सांभाळतो.

मँडोलिनच्या खुंटीतही वर्म असतो. तिथे किल्ली फिरवली की तार ताणली जाते, पण तार कितीही ओढली तरी किल्ली हलत नाही. संगीतपेटीत काम नेमकं उलटं, चाकानं वर्मला फिरवायचं. म्हणून त्याचे आटे जास्त तिरके आणि आरशासारखे घासलेले असतात. तिथे जरासा चिकटा धरला की सगळी साखळी अडते. तुमचं तेल धूळ धरून तिथेच घट्ट झालं असणार.

टोल्यांच्या घड्याळातही असाच पंखा असतो, म्हणून घड्याळवाल्यांना हा ओळखीचा वाटतो. मलाही वाटला होता. शिकाऊ असताना चावी दिलेल्या पेटीच्या पंख्यावरचा, हिरकणी बसवलेला छोटा पूल, म्हणजे वर्मचं वरचं टोक धरणारी पट्टी, मी सैल केला. खर्र असा एकच आवाज झाला आणि दोन-तीन सेकंदांत स्प्रिंग रिकामी. सिलिंडरवरच्या, फणीचे दाते छेडणाऱ्या पिना गवतासारख्या आडव्या पडल्या होत्या आणि फणीचे तुटलेले दाते मी टेबलाखालून चिमट्यानं वेचत होतो. १७९६ साली जिनिव्हाच्या आन्त्वान फाव्र या घड्याळजीनं घंट्यांच्या जागी सुरात लावलेल्या पोलादी पट्ट्या आणल्या, तिथपासूनची ही विद्या. एकेक दाता घासून सुरात आणलेला असतो. तो तुटला की बाजारात तयार मिळत नाही.

आणखी एक. ‘वाजून वाजून थांबली, म्हणजे स्प्रिंग उतरली’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बॅरलवर एक रोधचक्र असतं, ते स्प्रिंगला पूर्ण सैल होऊ देत नाही. गाणी संपल्यावरही दोन-तीन फेऱ्यांचा ताण आत उरतो. दांडा घट्ट धरून, खटका उचलून तो हळूहळू सोडावा लागतो आणि हे ज्यानं आधी केलंय त्यानंच करावं. तुमच्या घड्याळवाल्यांना सरळ विचारा, ‘रोधचक्रामागचा ताण कसा उतरवणार?’ उत्तर देताना अडखळले तर पेटी परत आणा.

धुतल्यावर घड्याळाचं पातळ तेल सुईच्या टोकानं वर्मला आणि त्याच्या दोन्ही टोकांना, बस्स. फणीला, पिनांना थेंबही नको. सिलिंडरच्या पोटात पिना धरून ठेवणारं राळेचं मिश्रण असतं, त्यामुळे पेटी उन्हातही ठेवू नका.

आणि गाणं मध्ये अडलेलं असताना पेटी गाडीत घालू नका. दाते तेव्हा पिनांवर टेकलेले असतात. पंख्याच्या पात्याला पिसाच्या टोकानं हलकेच पुढे करत गाणं शेवटपर्यंत जाऊ द्या. सिलिंडर थांबण्याच्या खाचेत बसला, की मगच झाकण लावा आणि उचला.