पुण्याहून परभणीला बदली झाली आहे. टेक्नॉलॉजी, सिनेमा आणि खेळ हे माझे रोजचे विषय. तिकडे या आवडींचं काय होतं? तुम्ही स्वतः कशात रमता?

मी तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतला राहतो. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे उत्तर दुकानाच्या बाकड्यावरूनच येणार, हे आधी सांगून ठेवतो.

नेटची काळजी सोडून द्या. 2016 ला जिओ आलं आणि तो प्रश्न जवळपास मिटला. पुण्यात ज्या रात्री सिनेमा मोबाईलवर येतो, त्याच रात्री तो इथंही येतो. तुम्हाला फरक जाणवेल तो वेगळाच. इथं कुठलीही गोष्ट एकट्यानं बघून पचत नाही. मी कॉइल भरत बसलेला असतो, समोर मोटार दुरुस्त व्हायची वाट बघत चार जण बसलेले असतात, आणि त्यांच्यापुढं 'भारी आहे' म्हणून सुटका होत नाही. भारी म्हणजे काय, ते चालतं कसं, हे सांगावं लागतं. मला त्याचीच गोडी लागलीय. जी गोष्ट आतून कशी चालते ते कळत नाही, ती मला फार दिवस धरून ठेवत नाही.

टेक्नॉलॉजीचं म्हणाल तर नवा फोन कुठला आला यात मला रस नाही. इकडची खरी टेक्नॉलॉजी विहिरीवरच्या पेटीत असते. शेतीच्या फिडरला थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. पूर्वी लाईट आली की माणूस बॅटरी घेऊन इचू-काट्यातून शेतात जायचा. आता स्टार्टरच्या पेटीत सिम घातलेला एक डबा बसवतात. घरून फोन लावायचा, आतली बाई मराठीत सांगते की तिन्ही फेज आहेत, मोटार चालू करायला एक दाबा. ऐकायला साधं वाटतं, पण डब्याचं डोकं त्याच्या पुढं आहे. बोअरमधलं पाणी संपलं की मोटारीवरचा लोड उतरतो, अँपिअर खाली येतात, आणि तेवढ्यावरून तो ओळखतो की मोटार कोरडी फिरायली. मग तोच बंद करतो. एखादा फेज गेला तर मोटार चालूच होऊ देत नाही.

हे फेजचं प्रकरण फार महत्त्वाचं. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार फिरत राहिली, की उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो. स्टार जोडणीची अशी जळलेली मोटार माझ्याकडं आली की नुसतं झाकण काढल्यावर कळतं. दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर, आणि मधे मधे तिसऱ्या फेजच्या कॉइल जशाच्या तशा, तांबूस, वॉर्निशची चमकसुद्धा न गेलेल्या. तिन्ही सारख्याच काळ्या असतील तर दुखणं दुसरं असतं, पंप जाम असेल, नाहीतर व्होल्टेज फारच कमी. मालक म्हणतो, 'मी काहीच केलं नाही, चालता चालता बंद पडली.' मी कॉइल दाखवतो. मग तो हळूच सांगतो की दोनच फेज होते, कपॅसिटर लावून चालवली होती. पीक वाळताना माणूस काय करणार, तेही खरंच.

डब्याला एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पाणी जातंय कुठं. मधे पाइप निसटला तर त्याच्या लेखी सगळं ठीक, आणि पाणी शेजाऱ्याच्या हळदीत. आणखी एक वैताग आहे. फक्त फोन घेण्यापुरत्या त्या सिमलाही रिचार्ज मारत राहावा लागतो. विसरलात, की ऐन पाळीत डबा मुका.

आता सौर पंप वाढायलेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5. दिवसा पाणी देता येतं, रात्रीची जागरणं वाचतात. माझा वाइंडिंगचा धंदा कमी होणार हे मला दिसतंय, तरी पॅनलवर ऊन चढतं तसतशी मोटारीची गती चढताना बघायला मला आवडतं. वर धूळ साचली की तीच मोटार सुस्तावते. पॅनल पुसा म्हणून सांगितलं तर लोक हसतात.

तुम्ही टेक्नॉलॉजीवाले आहात म्हणजे लायगो, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लाटा टिपणारं यंत्र, ठाऊकच असेल. परभणीहून औंढा नागनाथ फार लांब नाही. त्याच तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडिया उभं राहतंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्याला 2600 कोटींची मंजुरी दिली. इंग्रजी एल अक्षरासारख्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी. एकच लेसर दोन वाटांनी सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा, आणि दोन्ही किरण एकमेकांना विझवतील असे जुळवून ठेवायचे. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाची लाट येते, एक हात किंचित लांबतो, दुसरा किंचित आखडतो, किरणांची जुळणी बिघडते आणि थोडा उजेड निसटतो. तो निसटलेला उजेड मोजायचा. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपायची या यंत्राची ताकद आहे.

मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा पांगरा शिंदेकडच्या एका मामांनी असा प्रश्न टाकला की मला चार दिवस वाचत बसावं लागलं. 'अरे, आमच्याकडं जमिनीतून गूढ आवाज येतात. भांडी वाजतात. अन् एवढी नाजूक वस्तू इथंच बसवायलेत?' प्रश्न अगदी वाजवी होता. 2024 मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, आणि किल्लारीचा 1993 चा भूकंप आठवणारी पिढी अजून आहे.

उत्तर दोन भागांत सापडलं. पहिलं म्हणजे ते आरसे जमिनीवर ठेवलेलेच नसतात. एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकावर, काचेच्या तंतूंनी टांगलेले असतात, त्यामुळं जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचेपोचेतो विरून जाते. दुसरं मला जास्त पटलं. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लाट सापडली तेव्हा ती दोन्हीकडं आली, साधारण सात मिलिसेकंदांच्या फरकानं. पांगऱ्याचा धक्का एकाच ठिकाणी दिसणार, आभाळातून आलेली लाट सगळीकडं दिसणार. शिवाय यंत्रं जितकी लांब लांब, तितकी लाट आभाळाच्या कुठल्या बाजूनं आली ते नेमकं कळतं. म्हणून तर भारतातलं यंत्र सगळ्या जगाला हवंय. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे चार गावचे चार साक्षीदार.' तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांकडूनही मी याहून सोपं ऐकलेलं नाही.

सिनेमाचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं मत जरा तिरकं आहे. मोटारीचं बेअरिंग गेलंय की रोटर घासतोय हे आवाजावरून ओळखायची सवय असल्यानं मला पडद्यावर आधी आवाज दिसतो. गावाकडचा सिनेमा म्हणवणाऱ्यांत मी बोअरच्या मोटारीला डिझेल इंजिनाची फटफट लावलेली पाहिलीय. सबमर्सिबल मोटार जमिनीखाली पाण्यात असते. तिचा वर काहीच आवाज येत नाही. येतो तो पाइपातून आधी निघणाऱ्या हवेचा, मग दोन खोकल्यांसारख्या उचक्यांचा, आणि मग हौदात पडणाऱ्या धारेचा. एवढं जरी कुणी नीट पकडलं तरी मी त्या दिग्दर्शकाला बाकीचं सगळं माफ करतो.

मातीचंही तेच. पात्रं बोलतात बीडची आणि मागं हिरवे डोंगर नि लाल पायवाट वाईकडची. आमच्याकडची काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन पडद्यावर फारशी दिसत नाही, आणि दिसली की दुष्काळाची बातमी सांगायलाच. भाषा मात्र पोचली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं पन्नासहून जास्त पात्रं उभी करत मराठवाड्याची बोली जगभर फिरवली. तो प्रयोग पुढं माजलगावच्या संदीप पाठक यांनीही केला. मकरंद अनासपुरे यांनी तीच बोली पडद्यावर नायकाच्या तोंडी नेली. आता माझी तक्रार एवढीच की ती अजून बहुतेक हसवायलाच येते. इथं लोक त्याच बोलीत रडतात, भांडतात, कर्जही मागतात.

बाकड्याची आवड वेगळी आहे. तिथं हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे चालतात. तुम्ही नाक मुरडू नका. नांदेडच्या पलीकडं धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत तेलुगू थेट कळतं, त्यामुळं डबिंगमध्ये काय गळलं हे सांगणारा एखादा जण आमच्याकडं हमखास असतो. नवा मराठी सिनेमा थिएटरात बघायचा तर मी नांदेडला जातो. शो मिळतो तो भर दुपारचा, दुकानाच्या वेळेतला. तुम्हाला जगभरचे सिनेमे बघायचे असतील तर छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आणि परभणीहून तिकडं थेट रेल्वे आहे. सुट्टी मात्र आधीच टाकून ठेवा.

खेळांत क्रिकेट सगळे बघतात, मीही बघतो. बीडच्या सचिन धसनं 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध काढलेल्या 96 धावा तर आमच्याकडं तोंडपाठ आहेत. 245 चा पाठलाग, 32 ला चार बाद, आणि मग कर्णधार उदय सहारनबरोबर 171 ची भागी. पण माझा जीव अडकलाय तो स्टीपलचेसमध्ये, आणि त्याला कारण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे.

ही शर्यत 3000 मीटरची. वाटेत 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांसाठी अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच, आणि तो साध्या हर्डलसारखा धक्का लागून पडत नाही. पाय अडकला तर माणूस पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढं चढत चढत ट्रॅकला मिळालेला. म्हणजे जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी, तितका पाय लवकर मोकळा. जो दमलाय तो जवळ पडतो, जास्त पाण्यात पडतो, आणि त्यामुळं आणखी दमतो. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी धावणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत नाही, ते पाण्यात कुठं पडतात ते बघतो. पुढं कोण येणार याचा तिथंच अंदाज लागतो.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटनं 8:11.15 (मिनिटं:सेकंद) वेळ घेतली आणि साबळेनं 8:11.20. पाच शतांश सेकंद. 1998 पासून या शर्यतीतली राष्ट्रकुलची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता, त्यात आमच्या आष्टीचा गडी घुसला. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीला इथं मध्यरात्र उलटून गेली होती. तो 8:14.18 मध्ये अकरावा आला. दुसऱ्या दिवशी दुकानात सूर असा की 'अकरावाच की.' मला राग आला. महिन्याभरापूर्वी त्यानं 8:09.91 चा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. जगातला अकरावा माणूस आष्टीचा असणं, ही 'च' लावायची गोष्ट नाही.

खो-खोही बघायला शिका. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक आपल्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. टीव्हीवर त्यातलं निम्मंच दिसतं. पाटीवर बसलेल्या खेळाडूचे टाच-चवडे मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. खो मिळायच्या आधीच उठायची दिशा तिथं ठरलेली असते. एखाद्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सराव चाललेला दिसला तर थांबा, हाकलत कुणी नाही. सकाळी पळायची हौस असेल तर परभणीत कृषी विद्यापीठाचा परिसर आहेच.

बाकी सामानाचं सांगतो. टीव्हीसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. आताचे बहुतेक टीव्ही 100 ते 240 व्होल्टमध्ये कुठंही चालतात, मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, बघून घ्या. फ्रिजला मात्र घ्या. इन्व्हर्टर बसवताना वायरमनला सांगून वायफायच्या राउटरचा पॉइंट त्याच लाइनवर घ्या. नाहीतर उन्हाळ्यात लाईट गेल्यावर पंखा फिरत राहील आणि शेवटच्या ओव्हरला मॅच अडकेल.