उतावळ्या पोलिसाला कथेत जागा देताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली प्रकरणे सावकाश वाचली. तुझा तरुण पीएसआय पानोपानी धडपडतो, वरिष्ठांची बोलणी खातो, कोणालाही न विचारता कुठेतरी घुसतो आणि दर वेळी नशिबाने वाचतो. वाचायला हे गमतीचे आहे. पण तिसऱ्या प्रसंगापर्यंत वाचकाला त्याची सवय होते, आणि ज्याची सवय झाली त्या उतावळेपणाने थरारकथेत कोणाच्याच काळजाचा ठोका चुकत नाही. हे पात्र ‘डेथ नोट’ या जपानी थरारकथेतल्या मात्सुदावरून सुचले, असे तू पत्रात लिहिले आहेस. तेव्हा आपण त्याच्याकडेच परत जाऊ. तू मात्सुदाचा वेंधळेपणा तेवढा उचललास आणि तो वेंधळेपणा ज्या कामासाठी कथेत ठेवला आहे ते काम मागे सोडून आलास, असे मला वाटते.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००३ ते २००६ या काळात जपानमध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. लेखन त्सुगुमी ओबा यांचे, चित्रे ताकेशी ओबाता यांची. मॅडहाऊस या स्टुडिओने केलेली ३७ भागांची अ‍ॅनिमे मालिका २००६-०७ मधली. तू मालिका पाहिली आहेस, म्हणून कथानक सांगत बसत नाही. एवढेच लक्षात घे की नाव लिहिताच माणूस मारणारी वही हाती आलेला, ‘किरा’ या नावाने ओळखला जाणारा लाइट यागामी आणि त्याला शोधणारा गुप्तहेर एल ही दोन विलक्षण डोकी एकमेकांच्या पुढच्या चार-पाच चालींचा अंदाज बांधत असतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रसंग त्या अंदाजांवर उभा असतो. अशा कथेत टोटा मात्सुदा हा तपास पथकातला सर्वांत तरुण पोलीस कशाला हवा होता, या प्रश्नापासून तू सुरुवात करायला हवी होतीस.

योत्सुबाचा प्रसंग पुन्हा पाहा, पण या वेळी त्याच्या आधीची काही मिनिटे नीट पाहा. पथकातला प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतलेला आहे आणि मात्सुदाच्या वाट्याला मिसा अमाने या मॉडेलचा मॅनेजर होऊन तिच्यामागे फिरण्याचे काम आले आहे. आपला कोणाला काही उपयोग नाही, ही बोच त्याच्या मनात घर करते आणि त्या बोचेपोटी तो एकटाच, कोणाला न सांगता, योत्सुबा कंपनीच्या मुख्यालयात शिरतो. दाराआडून त्याला जे ऐकू येते ते खरोखर मोलाचे असते, कारण आतले अधिकारी माणसे मारण्याविषयीच बोलत असतात. पण तिथेच तो पकडला जातो. तुझा पीएसआय गोदामात का घुसतो, हे मी दोनदा शोधले आणि मला सापडले नाही. ‘तो तसाच आहे’ हे कारण पोलीस ठाण्यात गप्पा मारताना चालते, कागदावर चालत नाही. उतावळ्या माणसाच्या प्रत्येक धावेमागे त्याला नेमके काय हवे आहे, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे, मग ते त्या माणसाला स्वतःला उमगलेले नसले तरी चालेल.

पुढचा भाग तर तू वहीत उतरवून काढावास, इतका नेटका आहे. मात्सुदा मॅनेजर असल्याची बतावणी पुढे रेटतो आणि आपण मिसाला जाहिरातीत घ्या असे सांगायला आलो आहोत, असे भासवतो. एल मित्राचे सोंग घेऊन त्याला फोन करतो, प्यायला येतोस का असे विचारतो आणि बोलता बोलता पाकिटाची काही अडचण आहे का, असे चाचपतो. मात्सुदा तो इशारा ओळखतो आणि पाकीट फारच अडचणीत आहे, असे उत्तर देतो. समोर बसलेल्या मारेकऱ्यांना त्यात संशय घेण्यासारखे काही दिसत नाही. त्या रात्री मिसाकडच्या मेजवानीत तो झिंगल्याचे नाटक करून गच्चीच्या कठड्यावर हातांवर उभा राहतो आणि खाली पडतो. खालच्या मजल्यावर सहकाऱ्यांनी बाहेर धरलेली गादी त्याला झेलते, आणि रस्त्यावर दुसराच एक साथीदार प्रेत होऊन पडून राहतो. एल वैतागून त्याला मूर्ख म्हणतो, आणि ते खोटेही नाही. एका माणसाच्या हौसेपायी साऱ्या पथकाला आपली संथ, सावध आखणी गुंडाळून ठेवावी लागली. उतावळेपणाची किंमत इतर पाच-सहा जणांनी घाम गाळून भरली, हे लेखकाने दाखवले आहे. तुझ्या कथेत ती किंमत कोणीच भरत नाही.

याच प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. मात्सुदा वाचला तो निव्वळ धिटाईमुळे वाचला नाही. त्या वहीने माणूस मारायचा तर त्याचे खरे नाव माहीत असावे लागते आणि चेहरा डोळ्यांपुढे असावा लागतो. पथकातल्या सगळ्यांना खोटी ओळख घ्यायला लावण्याचा कंटाळवाणा नियम एलने आधीच घालून दिला होता. योत्सुबाच्या लोकांसमोर बसलेला माणूस मात्सुई या खोट्या नावाचा मॅनेजर होता. नियम पाळण्याचा सर्वांत जास्त कंटाळा असलेला पोलीस एका रटाळ नियमामुळे जिवंत राहतो, ही लेखनातली खरी चतुराई आहे, आणि तिचा कुठेही गाजावाजा नाही.

आता या प्रसंगाशेजारी पथकातल्या उकिताला उभे कर. त्याच्याकडे प्रेक्षक फारसे लक्ष देत नाहीत, कारण तो लवकर मरतो. साकुरा टीव्हीवर किराच्या नावाने चित्रफिती दाखवल्या जात असतात, पडद्यावर माणसे मरत असतात, आणि उकिता संतापाने उठून थेट स्टुडिओकडे धाव घेतो. दारापर्यंत पोहोचतो आणि कोसळतो, कारण हा किरा दुसराच कोणी आहे, त्याला नाव कळण्यासाठी नुसता चेहरा पुरेसा आहे आणि ही गोष्ट तोवर कोणालाच ठाऊक नाही. खोटे ओळखपत्र इथे कामाला येत नाही. पथकातला आयझावाही त्याच्यामागे निघतो, तेव्हा एल त्याला अडवतो. जीव पणाला लावणे आणि जीव फुकट घालवणे या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, अशा आशयाचे तो बोलतो आणि त्याच वेळी त्याचे स्वतःचे हात थरथरत असतात. मग हृदयविकारामुळे रुग्णालयात असलेले पथकप्रमुख, लाइटचे वडील सोइचिरो यागामी तिथून उठतात, पोलिसांची चिलखती गाडी घेतात, स्टुडिओच्या काचेच्या दर्शनी भागातून ती आत घुसवतात आणि कोटाने चेहरा झाकून चित्रफिती ताब्यात घेतात. संताप तोच, इमारत तीच, आणि दोन्ही धावांमध्ये मोजके काही क्षण. एकाने चेहरा उघडा ठेवला, दुसऱ्याने झाकला. उकिताच्या मरणातून सोइचिरो शिकले, आणि ते शिकणे लेखकाने एका कोटात दाखवले. तुझ्या कथेत अविचाराने धावणारा एकच माणूस आहे. त्याच्यासारखाच धावून मेलेला एखादा सहकारी आधी दाखवलास, तर त्याच्या प्रत्येक धावेत वाचकाचा श्वास अडकेल.

शेवटाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तू तुझ्या पीएसआयला शेवटी शहाणा करून टाकले आहेस आणि ते मला पटलेले नाही. मालिकेत गोदामातल्या त्या अखेरच्या भेटीसाठी लाइट आणि किराच्या मागावर असलेला निअर या दोघांनीही वही, पाने, वेळ, माणसे असा सगळा हिशेब मांडलेला असतो. लाइट उघडा पडतो, मनगटी घड्याळात लपवलेला वहीचा तुकडा काढून निअरचे नाव लिहू लागतो, आणि त्याच्या हातावर गोळी झाडतो तो मात्सुदा. मात्सुदा गोळी झाडील, हे लाइटच्या कोणत्याही गणितात नव्हते. लाइट ओरडतो, कोणावर गोळी झाडतोस याचे भान आहे का, असे विचारतो. कारण इतकी वर्षे या भोळ्या माणसाचे कौतुक त्याला फुकट मिळत आले होते. मात्सुदा उलट विचारतो की मग तुझ्या वडिलांनी कशासाठी प्राण दिले. मुलगा किरा नाही, या समाधानात सोइचिरो गेले होते, आणि मात्सुदा त्यांना मनापासून मानत होता. लाइट रक्ताने लिहू लागतो तेव्हा मात्सुदा पुन्हा पुन्हा गोळ्या झाडतो आणि अगदी जवळ जाऊन त्याला संपवायला निघतो. सहकारी त्याला आवरतात आणि ती गोळी चुकते.

इथे तो शहाणा झालेला नाही, हे नीट पाहा. योत्सुबात शिरणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे. विचार करण्याआधी हात उचलण्याची त्याची खोड तशीच आहे, आणि अखेरची गोळी तर आरोपीला ठार करण्यासाठी रागाच्या भरात झाडलेली आहे, जिचे समर्थन कोणत्याही देशातल्या पोलीस नियमावलीत होणार नाही. फरक पडला आहे तो आपल्या बघण्यात. शिवाय हाच माणूस पूर्वी सहकाऱ्यांपाशी बोलून गेला होता की किरा पूर्णपणे वाईट आहे असे त्याला वाटत नाही. पथकातल्या इतर कोणी हे तोंडाने उच्चारण्याची हिंमत केली नसती. म्हणून त्याच्या गोळीला वजन आहे. ती झाडताना त्याचे स्वतःचेही काहीतरी फुटते. तुझ्या पीएसआयला गुन्हेगाराविषयी एकदा तरी आपुलकी वाटू दे, आणि ती त्याला चारचौघांत, नको त्या वेळी बोलू दे.

मांगाच्या शेवटच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, जी मालिकेत नाही, म्हणून ती कदाचित तुझ्या पाहण्यात आली नसेल. सगळे संपल्यानंतर मात्सुदा पथकातल्या इदेपाशी शंका बोलून दाखवतो की निअरनेच वहीत, लाइटच्या वतीने वही चालवणाऱ्या मिकामीचे नाव लिहून त्याला नाचवले असेल. मांगात मिकामी अटकेनंतर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे शंकेला जागा उरते. मालिकेत तो गोदामातच स्वतःला संपवतो. इदे त्याला समजावतो की लाइट तुला आवडत होता, म्हणून तुला असे वाटते. मात्सुदा बरोबर आहे की चूक, हे लेखक सांगत नाहीत. माझ्या मते साऱ्या मांगातली सर्वांत धारदार शंका त्यांनी सर्वांत कमी गांभीर्याने घेतल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडी ठेवली आहे.

तेव्हा आता असे कर. गोदामाचे प्रकरण नव्याने लिही आणि त्याच्या आधी पीएसआय ठाण्यात बसून काय पाहतो, कोणाला कोणते काम मिळते आणि त्याला काय मिळते, हे दीड-दोन पाने सावकाश येऊ दे. विनोद काढू नकोस. हवालदाराने त्याची केलेली नक्कल तर मला फार आवडली, ती राहू दे. त्याच्या चुकीमुळे कोणाची रजा रद्द होते, कोणाचा खबरी उघडा पडतो, ते नावानिशी लिही. बढतीचा समारंभ असलेले शेवटचे प्रकरण मात्र सरळ काढून टाक आणि बाकीचा मजकूर दिवाळीआधी माझ्याकडे पाठव.

तुझा,
एक जुना वाचक