वाचकांचे प्रश्न : उत्तर आलं, हे ओळखायचं कसं?

प्रश्न : वर्ष झालं, रोज पहाटे उठून प्रार्थना करते. यांची दारू सुटावी एवढंच मागणं. चर्चच्या मंडळीतही प्रार्थनेची विनंती दिली. काहीच फरक नाही. देवाने ‘नाही’ म्हटलं असं समजावं का?
– एक भगिनी, चोपडा

उत्तर : इतक्यात तसं समजू नका, ताई. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे न सुटणारी एक पीडा, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, पण “माझी कृपा तुला पुरे आहे” हे उत्तर त्याला स्पष्ट कळलं (2 करिंथ 12:8-9). तुम्हाला तसं काही कळलेलं नाही. तेव्हा लूक 18 मधली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा न्याय मागत राहिली, तसं मागत राहा.

अडचण आहे ती मागण्याच्या आकारात. ‘सुटली’ किंवा ‘नाही सुटली’, यापलीकडे तुमच्या मागण्यात काही मावतच नाही. एक शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा : तारीख, नेमकं मागणं, त्यासाठी मी काय करणार, काय दिसलं. मागणं तीन ओळींत फोडा. एक त्यांच्यासाठी : या आठवड्याच्या बाजारादिवशी पैसे घेऊन थेट घरी यावेत. दुसरी स्वतःसाठी : ते पिऊन आले तर त्या रात्री तोंड आवरायचं बळ मिळावं, बोलायचं ते सकाळी बोलावं. तिसरी मदतीसाठी : दवाखान्यात त्यांच्यासोबत जाईल असा, त्यांचं ज्याच्याशी पटतं असा एक माणूस मिळावा.

चौथा रकाना आठवड्यातून एकदाच, रविवारी उपासनेनंतर भरा. दोन ओळी पुरेत. रोज भरायला बसलं की माणूस देवाची हजेरी घ्यायला लागतो. जुनं मागणं खोडू नका. बदललं तर नव्या तारखेने खाली लिहा. तीन महिन्यांनी पानं मागून पुढे वाचा. बहुधा दुसऱ्या ओळीचं उत्तर आधी आलेलं असतं, आणि नेमकं तेच आपण धरत नाही, कारण ते आपल्याच स्वभावात आलेलं असतं. मागणीही बदललेली दिसेल : सुरुवातीला ‘माझी यातून सुटका कर’, पुढे कधीतरी ‘यांना वाचव’. वही ठेवायची ती यासाठी.

दोन गोष्टी मात्र प्रार्थनेच्या नावाखाली टाळू नका. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरतात, भास होतात, कधी झटके येतात. जिवावरही बेतू शकतं. म्हणून उपासप्रार्थनेत त्यांनी ‘आजपासून बंद’ म्हटलं, तर आमेनबरोबर त्याच दिवशी डॉक्टरही गाठा. आणि मारहाण होत असेल तर ‘सहन करणं म्हणजेच विश्वास’ हे कोणाचंही ऐकू नका. सुरक्षित घरी जा, 112 ला फोन लावा. प्रार्थना तिथूनही करता येते.

प्रश्न : केळीला चांगला भाव मिळाला तर चर्चला दोन पंखे देईन, असं प्रार्थनेत बोललो. भाव पडला. आता पंखे द्यावेत का? हा नवसच झाला का?
– एक शेतकरी, रावेर

उत्तर : नवसच झाला, भाऊ. तुम्ही भावाची अट घातली होती, ती पुरी झाली नाही, म्हणून पंख्यांचं देणं लागत नाही. मनात असेल तर खुशीने द्या, उकाडा काही कमी नाही.

पवित्र शास्त्रात नवस आहेत, पण ते सैल तोंडाने करायचे नसतात. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा (उपदेशक 5:5). मूल नसलेल्या हन्नेने नवस केला तेव्हा जो मुलगा मागितला तोच देवाला वाहिला. आपण तिथे अडत ठरवतो : माल माझा, टक्का तुझा. हन्नेची गोष्ट पुन्हा वाचा. ती मंदिरातून उठली, जेवली, तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही (1 शमुवेल 1:18). तेव्हा गर्भ राहिलेला नव्हता. आधी तीच बदलली, मुलगा शमुवेल पुढे झाला.

भाव मागू नका असं नाही. पण सोबत हातातलं मागा : बाग कोणत्या व्यापाऱ्याला द्यावी, उधारीवर द्यावी का, भाव पडला तरी मजुराची मजुरी न कापण्याची नियत. घड तयार झाला की थांबत नाही, म्हणून हे मागणं कापणीच्या महिनाभर आधी सुरू करा आणि दोन जाणत्या शेतकऱ्यांना विचारा. त्यांचा सल्ला म्हणजे प्रार्थनेला बगल असं वाटून घेऊ नका. याकोब आपल्या पत्रात देवाकडे शहाणपण मागायला सांगतो (याकोब 1:5). ते बऱ्याचदा बांधावरच्या शेजाऱ्याच्या तोंडून येतं. शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल त्या वचनावर व्यवहार मात्र ठरवू नका.

प्रश्न : अहिराणीत प्रार्थना केली तर चालते का? सभेत हसतात.
– एक युवक, पारोळा

उत्तर : चालते. शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं गेलं, तरी येशूने प्रार्थनेत वापरलेला ‘अब्बा’ (बाबा) हा त्याच्या बोलीतला, अरामी शब्द मार्कने तसाच ठेवला (मार्क 14:36). पुस्तकी मराठीत होतं काय, ‘हे दयाळू, कृपाळू परमेश्वरा’ असं पाच मिनिटं चालतं आणि मागणं राहूनच जातं. “देवा, माले काही समजत नही, तूच सांग” यात मागणं पहिल्याच वाक्यात येतं. सभेत बाहेरगावचे पाहुणे असतील तर वाक्यं छोटी ठेवा, म्हणजे त्यांनाही आमेन म्हणता येईल.