गाइडशिप मिळाली, आता पुढे?

प्रश्न: सर, मी असिस्टंट प्रोफेसर, यंदाच पीएचडीची गाइडशिप मिळालीय. एचओडी म्हणतात चारही जागा भरून टाका. विद्यार्थ्यांना नीट गाइड करायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी अभिनंदन! यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात, पण ती वरची मर्यादा आहे हो, टार्गेट नाही. पहिल्या वर्षी एक, फार तर दोन घ्या.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी बसाच, पोरानं काही लिहून आणलं नसलं तरी, उलट तेव्हा तर बसाच, कारण काम झालं नाही की मुलं लाजेनं तोंड चुकवतात आणि मग दोन-दोन महिने फोनसुद्धा उचलत नाहीत. रागावू नका, कुठं अडलंय ते विचारा. चॅप्टर आला की पंधरा दिवसांत वाचून द्या, आणि नुसतं 'पुन्हा लिहा' असा शेरा मारू नका, कुठल्या परिच्छेदात दावा केलाय पण पुरावा नाही तिथं पेन्सिलीनं खूण करा. दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीपुढं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाची प्रगती पाहणाऱ्या समितीपुढं, प्रेझेंटेशन असतं, त्याची एक रंगीत तालीम तुमच्यासमोर होऊ दे.

नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि तुमची लेक्चर्स त्यांच्या गळ्यात अजिबात मारू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. विद्यार्थ्याला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारे पैसे) असेल तर फेलोशिपच्या कागदांवर सही त्याच दिवशी करा, त्या पैशांवर कित्येकांचं घर चालतं.