जपानी हायएस, तीन बाइक आणि घराचं डिपॉझिट

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, मूळचे कोल्हापूरचे. दुधाच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, पगार वर्षाला ९२,००० डॉलर. पत्नी आठवड्यातले तीन दिवस बालवाडीत शिकवतात, त्यांचे २६,०००. मुलगी दोन वर्षांची. बँकेत बचत ३८,०००, दोघांच्या किवीसेव्हरमध्ये, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या बचत योजनेत, मिळून ६०,०००. ही सगळी पुंजी पहिल्या घराच्या डिपॉझिटसाठी, म्हणजे स्वतः भरायच्या रकमेसाठी, जमवलेली, आणि घर पुढच्या वर्षी घ्यायचंय.

मधेच जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात त्यांना व्हॅन दिसली. जपानहून आलेली, इथे अजून रस्त्यावर न उतरलेली २०१६ ची टोयोटा हायएस, तीन लिटर डिझेल, १,२०,००० किलोमीटर चाललेली. किंमत २८,०००. बचतीतले १०,००० घालायचे आणि १८,००० चं कर्ज १२.९५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढायचं, असा बेत आहे. स्वतःच्या दोन बाइक हॅम्प्टन डाउन्स आणि तौपोच्या रेसिंग ट्रॅकवर न्यायच्या, शिवाय महिन्यातून दोनदा लोकांच्या बाइक ऑकलंडहून वेलिंग्टनला पोचवायच्या. एका फेरीत तीन बाइक, प्रत्येकी ३५० डॉलर. ते लिहितात, ‘ताई, महिन्याला २,१०० येतील, हप्ता ४०९ चा. व्हॅन स्वतःचे पैसे स्वतःच फेडेल, वर सोळाशे हातात राहतील. घेऊ ना?’

आत्ता घेऊ नका. ही नको, या कर्जावर तर नकोच. तुमचं बाइकवेड मला कळतं, आणि ते सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्या वेडाचा खर्च धंद्याच्या नावावर टाकला की हिशेब डोळ्यांसमोर असूनही दिसेनासा होतो. तुमचं तेच झालंय असं मला वाटतं.

एक फेरी धरून बघू. तुम्ही हॅमिल्टनहून ऑकलंडला जाणार, १२५ किलोमीटर. तिथे बाइक चढवून वेलिंग्टन, साधारण ६४०. मग रिकामी गाडी घेऊन घरी, आणखी ५२०. झाले १,२८५ किलोमीटर, आणि भाडं मिळालं त्यातल्या निम्म्याच अंतराचं. तुमच्या पत्रात परतीचा रस्ताच नाही. भरलेली हायएस शंभर किलोमीटरला दहा लिटरच्या आसपास डिझेल पिते. हिशेबासाठी लिटरला दोन डॉलर धरले तर २५७ डॉलर. डिझेल गाडीला वर रस्ता वापरण्याचा आकार, म्हणजे आरयूसी, हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर. त्याचे ९८. टायर, ऑइल, ब्रेक यांना किलोमीटरमागे दहा सेंट बाजूला ठेवलेच पाहिजेत, ते १२८. १,०५० मधून हे गेले की उरले ५६७. लोकांचा माल भाड्याने नेण्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याचे फेरीमागे शंभर धरते. उरले ४६७.

आता वेळ मोजा. ऑकलंडमध्ये तीन घरी जाऊन बाइक उचलायच्या, बांधायच्या, वेलिंग्टनला तीन ठिकाणी उतरवायच्या, परत यायचं. वीस तासांच्या खाली हे होत नाही. तासाला २३ डॉलर ३५ सेंट पडले. १ एप्रिल २०२५ ला या देशातलं किमान वेतनच २३.५० होतं. तुमचा पगार ७८,१०० च्या वर असल्याने या जादा कमाईवर ३३ टक्क्यांनी कर लागेल, एसीसीचा, म्हणजे अपघात भरपाईच्या सरकारी योजनेचा, आकारही भरावा लागेल. यात मी व्हॅनचा हप्ता धरलेलाच नाही. व्हॅनची किंमत दर वर्षी उतरते, तीही नाही. आणि हे सगळं तीन बाइक मिळाल्या तर! एखाद्या फेरीला दोनच मिळाल्या की उरतात ११७ डॉलर, तासाला सहासुद्धा नाहीत.

तीन बसतील का, हाही प्रश्नच आहे. यार्डात जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. साध्या छताच्या, अरुंद बांध्याच्या हायएसमध्ये माल ठेवायची जागा तीन मीटर लांब असली, तरी आतली रुंदी दीड मीटरच्या जेमतेम वर आणि उंची १.३३ मीटर आहे. स्पोर्ट्‌स बाइक दोन मीटर लांब आणि हँडल पाऊण मीटर रुंद. दोन पुढे-मागे सरकवून ठेवल्या तर तिसरी हँडलला हँडल अडकवूनच कोंबावी लागते. उंच काचेची एखादी टूरिंग बाइक आली तर आरसे काढा, काच काढा, आणि रॅम्पवरून चढवताना स्वतः कमरेत वाकून आत शिरा, एक हात पुढच्या ब्रेकवर ठेवून. लोकांची वीस-वीस हजारांची गाडी अशी चढवताना दर वेळी दुसरा माणूस हाताशी असेल, असं काही नाही.

हे मला ऐकून माहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या दिराची बाइक आम्ही भाड्याच्या व्हॅनमधून ऑकलंडहून पामर्स्टन नॉर्थला नेत होतो. जातोच आहे तर म्हणून त्याच्या एका ओळखीच्या माणसाचीही बाइक घेतली, दीडशे डॉलर ठरवून. डेझर्ट रोडवर एका खड्ड्यात पुढचं सस्पेन्शन दबलं, क्षणभर पट्टा सैल पडला आणि उघड्या तोंडाचा आकडा जमिनीतल्या कडीतून निसटला. मागून धाडकन आवाज आला तेव्हा मी पुढे बसले होते. थांबून दार उघडलं तर बाइक भिंतीला टेकलेली, टाकी चेपलेली, आत पेट्रोलचा वास. दुरुस्ती १,७०० डॉलरची निघाली. विमा कंपनीने विचारलं, पैसे घेतले होते का? घेतले होते. दावा तिथेच संपला. पैसे आम्ही खिशातून भरले, आणि त्या माणसाशी असलेला दिराचा दोस्ताना गेला तो गेलाच.

भारतातून आलेल्यांना इथली विम्याची रीत लवकर उमगत नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. न्यूझीलंडमध्ये ती सक्ती नाही. माणसाला इजा झाली तर १९७४ पासून एसीसी आहे, चूक कुणाचीही असो. वस्तूचं नुकसान मात्र ज्याचं त्याने बघायचं. आणि भाड्याने माल नेणाऱ्यावर २०१७ च्या करारविषयक कायद्याने जबाबदारी येते: वेगळा करार केलेला नसेल तर वस्तूमागे २,००० डॉलरपर्यंतचं नुकसान, तुमचा हलगर्जीपणा असो वा नसो, तुम्ही भरायचं. मालकाच्या जोखमीवर नेत असाल तर तसं लेखी आणि सहीनिशी हवं, फोनवरचं बोलणं चालत नाही. तीन बाइक म्हणजे एका खड्ड्यात ६,००० डॉलर. खाजगी वापराच्या पॉलिसीवर हा उद्योग चालवू नका, एक फेरीसुद्धा.

आता घराकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची आहे. १८,००० च्या कर्जावर पाच वर्षांत साडेसहा हजारांहून जास्त व्याज जाईल. ते वाईट आहेच, पण त्याहून मोठं नुकसान बँकेच्या टेबलावर होईल. गृहकर्ज मागायला जाल तेव्हा बँक महिन्याचा ४०९ चा हप्ता तुमच्या ऐपतीतून आधी वजा करेल. बँका ऐपत तपासताना चालू दरापेक्षा चढा दर धरतात. ७ टक्के आणि ३० वर्षं धरली तर महिना ४०९ डॉलरमध्ये सुमारे ६१,००० चं गृहकर्ज बसतं. म्हणजे १८,००० ची उसनवारी तुमच्या घराच्या बजेटमधून ६१,००० कापून नेऊ शकते. त्यात जुलै २०२४ पासून रिझर्व्ह बँकेची कर्ज आणि उत्पन्नाच्या प्रमाणाची मर्यादा आली. स्वतः राहायला घर घेणाऱ्यांना उत्पन्नाच्या सहापटीहून जास्त कर्ज बँका मोजक्याच प्रमाणात देऊ शकतात, आणि त्या मोजणीत गाडीचं कर्जही येतं. वर बचतीतले दहा हजार गेले की घराची पुंजी ९८,००० वरून ८८,००० वर. बाइक पोचवण्याच्या कमाईचं म्हणाल तर दोन वर्षांचे हिशेब दाखवल्याशिवाय बँक सहसा ती गृहीत धरत नाही. खर्च लगेच मोजला जाईल, कमाई नाही.

तुम्ही असंही विचारलंय की एजंटामार्फत जपानच्या लिलावातून थेट आणली तर तीनेक हजार वाचतील, तसं करू का. ज्यांना लिलावाचा कागद वाचता येतो त्यांनी करावं. त्या कागदावर गाडीचा दर्जा असतो, ४, ३.५ असा, आणि आर लिहिलं असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. होक्काइडोसारख्या बर्फाळ भागातली व्हॅन वरून चकचकीत आणि खालून मिठाने खाल्लेली निघू शकते. आणि इथे दाखल होताना तपासणीत गंज सापडला की दुरुस्ती प्रमाणित करून घेण्याचा खर्च तुमच्या माथी. मार्च २०२० पासून आयात होणाऱ्या जुन्या हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, लागतं. लिलावातल्या प्रत्येक हायएसमध्ये ते नसतं, म्हणून बोलीआधी चॅसी नंबरावरून खात्री हवी. गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर १५ टक्के जीएसटी. वेळेचंही सांगता येत नाही: २०१८ च्या फेब्रुवारीत स्टिंक बग किडे सापडले म्हणून जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजं ऑकलंडहून परत पाठवली होती.

यार्डातून घेतलेल्या गाडीला निदान ग्राहक हमी कायद्याचं कवच असतं. या तीन लिटर डिझेलचे इंजेक्टर बिघडले की बिल हजारांत जातं, तेव्हा ते कवच तीन हजारांहून मोलाचं ठरतं. पण एक लक्षात असू द्या: गाडी धंद्यासाठी घेतोय असं कागदावर आलं, तर विक्रेता करारात ते कवच काढून टाकू शकतो. सही करण्याआधी ती ओळ शोधा.

करसवलतीचं तुमच्या अकाउंटंट मित्राने सांगितलं ते बरोबर आहे. २२ मे २०२५ पासून धंद्याच्या नव्या मालमत्तेवर पहिल्याच वर्षी २० टक्के जादा वजावट मिळते, आणि परदेशात वापरलेली पण इथे प्रथमच येणारी गाडीही त्यात बसू शकते. पण धंद्याच्या वापराच्या प्रमाणातच. ट्रॅकवर स्वतःच्या बाइक नेल्या ते किलोमीटर त्यात नाहीत. आणि वजावटीतल्या एका डॉलरमागे तुम्हाला ३३ सेंट सुटतात, बाकी ६७ तुमचेच गेलेले असतात. जीएसटीची नोंदणी ६०,००० च्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, त्यामुळे त्यात आत्ता पडू नका.

मग बाइकचं काय? वर्षातून आठ-दहा वेळा ट्रॅकवर जाता, असं तुम्हीच लिहिलंय. हॅम्प्टन डाउन्स तुमच्या घरापासून तासाभराच्या आत, तौपो दीडशे किलोमीटर. यासाठी तुमच्या वॅगनला ट्रेलर ओढायचा टो-बार लावा आणि दोन बाइकचा ट्रेलर लागेल तेव्हा भाड्याने आणा. वॅगनची ओढण्याची क्षमता आधी बघा. ट्रेलर लावून ताशी ९० ची मर्यादा असते, पोचायला थोडा वेळ जास्त लागेल. पावसात बाइक भिजतील, व्हॅनची ऊब आणि आत बसून चहा पिण्याचं सुख मिळणार नाही, हे मान्य. पण घराचे ९८,००० जसेच्या तसे राहतील.

घर झालं, हप्ता बसला, सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी पुन्हा साठली की व्हॅन जरूर घ्या. रोखीने, स्वस्तातली, आणि शक्यतो पेट्रोलवर चालणारी. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेलमध्ये सांगण्यासारखं फारसं काही वाचत नाही, आणि छोट्या फेऱ्यांनी डिझेलचा धुराचा फिल्टर तुंबण्याची भीती राहते. तेव्हा तिला कमवायला लावू नका, तुमच्या आनंदाला तिचा खर्च परवडेल अशीच घ्या.

आणि भाड्याचा धंदा खरंच करून बघायचा असेल तर आधी तीन फेऱ्या भाड्याच्या व्हॅनने करा. पैसे घेऊन माल नेणं चालेल का, हे व्हॅन देणाऱ्याकडून लेखी घ्या, कारण बरेच करार ते नाकारतात. विमा काढा, तोंड बंद असणारे आकडे आणि मऊ पट्टे विकत घ्या, ते पुढेही लागतील. एक वही करा. किती जणांनी चौकशी केली, किती जणांनी खरंच पैसे दिले, परतीला एक तरी बाइक मिळाली का, घरी किती वाजता पोचलात, दुसऱ्या दिवशी मुलीला कोणी सांभाळलं, हे सगळं त्यात लिहा. तिसरी फेरी झाली की त्या पानांचे फोटो मला पाठवा, आपण दोघं बसून आकडे पुन्हा मांडू.