आवंढ्याच्या वीस फ्रेम

प्रिय,

तुझ्या फिल्मचा पहिला कट (संकलनाचा पहिला खर्डा) काल दोनदा पाहिला. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून. (हे तूही करत जा. संगीताखाली झाकलेल्या चुका उघड्या पडतात.)

आई पत्र वाचते तो शॉट तू फार लवकर कापलास. तिची नजर कागदावरून उठली आहे, अजून कुठे टेकलेली नाही, तेवढ्यात तू खिडकी दाखवलीस. मी तिथे वीस फ्रेम वाढवून पाहिल्या. सेकंदाला २४ धरल्या तर पुरता सेकंदही नाही. त्यात तिने आवंढा गिळला. तुझ्याच रशेसमधला, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणातला, आहे तो.

रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग तुला पाठ आहे: मोझुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपशेजारी लावला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी लावला की दुःखी. त्यावरून सगळे एवढंच घोकतात की अर्थ जोडणीत असतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो चेहरा वाचायला प्रेक्षकाला वेळ मिळाला नसता, तर भूक दिसली असती का?

आता चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) पुन्हा बघ, निदान शेवट तरी. उन्हाळी सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, खोली रिकामी होते, दिवे मालवतात, काळोख. इथे मी हमखास संपवला असता, आणि स्वतःवर खूशही झालो असतो. पण सिनेमा पुढे जातो. न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलकी लागली आहे, पोरं ओरडून दचकवतात आणि ते एका पोराला थोबाडीत देतात. काळोखावर थांबला असता तर दोष त्या खोलीवर गेला असता. आता तो सुट्टीवर आलेल्या, आपल्या ओळखीच्या वाटणाऱ्या एका गृहस्थावर येतो. दृश्य तेच, फक्त नंतर काय ठेवलं ते महत्त्वाचं.

तुझ्या पुढच्या प्रसंगात कुकरची शिट्टी आहे ना? ती आईच्या चेहऱ्यावरच ऐकू येऊ दे, मग स्वयंपाकघरात कट कर. खिडकीची गरजच उरणार नाही. तो शॉट सुंदर आहे हे मला मान्य. काढ.

शनिवारी हार्डडिस्क घेऊन ये. आईचे सगळे टेक हवेत, तू 'एनजी' (नो गुड) लिहून बाजूला टाकलेला तो पाठमोरासुद्धा.