आधी जागा, मग घर

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. सरकारी जमिनीवरच्या वस्तीतल्या बत्तीस कुटुंबांचे घरकुलाचे अर्ज तू पंचायत समितीत नेलेस, तिथं ‘जागेचा उतारा आणा’ म्हणून परत पाठवलं. मग आमदारांच्या कार्यालयात ऐकावं लागलं, ‘घरकुल योजना चालूच आहे की, घराच्या जागेच्या हक्काचा कायदा कशाला?’ आता तुला कळेना झालंय, की कायद्याचा नाद सोडून एकेक फाईल धरावी, की फायली सोडून मुंबईची वाट धरावी. अगं-अरे काही न म्हणता सरळ सांगते. तुझं उत्तर पंचायत समितीनंच देऊन ठेवलंय. उतारा आणा. म्हणजे आधी जागा, मग घर.

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं, साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. शौचालयाचे १२ हजार वेगळे. हे सगळं ज्याच्या पायाखाली स्वतःची जागा आहे त्याच्यासाठी. भूमिहीनाचं नाव यादीत येतं, त्याचा नंबरही लागतो, आणि बांधकामाआधीचा फोटो कुठल्या जागेवर काढायचा इथं गाडी थांबते. भूमिहीन लाभार्थ्याला राज्यानं जागा मिळवून द्यावी, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. पण सूचना पाळली नाही तर दाद कुणाकडे मागायची? ही फट कायद्यानंच बुजते.

जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा, मदत आधी ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत. ५०० फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. आणि शेतातला एवढा तुकडा घ्यायचा तर तुकडेबंदी, म्हणजे ठरल्यापेक्षा लहान तुकड्याच्या खरेदी-विक्रीला मनाई करणारा कायदा, आड येते. घरकुलासाठी सूट आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती येईस्तोवर विकणाऱ्याचं मन बदलतं, भाव तर बदलतोच.

किल्लारीचं उदाहरण तू कायम जवळ ठेव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची गावं नव्यानं बसवली, तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्यावरच्यांना ७५०. भिंती सगळ्यांच्याच पडल्या होत्या. नवं घर मात्र सातबारा बघून मिळालं. आपल्या मराठवाड्यात घराचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आता तुझ्या निवेदनातल्या चुका. रागावू नको, पण अशी निवेदनं बघून जीव जळतो. पहिली चूक, तू नमुना ८ ला ‘मालकीचा पुरावा’ म्हटलंस. तो ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. घरपट्टी भरली म्हणून जागा आपली होत नाही. तो राहत असल्याचा पुरावा म्हणून जोड. सोबत २०११ च्या आधीची मतदार यादी, वीजबिल, लेकरांच्या शाळेचा प्रवेश उतारा. कारण १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयानं ग्रामीण भागातली सरकारी जागेवरची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची वाट काढली, ती १ जानेवारी २०११ पूर्वीच्यांसाठी. दुसरी चूक, गट नंबरच नाही. ‘गावालगतच्या सरकारी जमिनीवर’ असं लिहिलेलं निवेदन तहसीलमध्ये कुणी उघडूनही बघत नाही. गट नंबर, सातबाऱ्यावरची नोंद, चतुःसीमा आणि प्रत्येक घराची लांबी-रुंदी टेपनं मोजून लिही. ‘अंदाजे’ हा शब्द दिसला की फाईल मोजणीच्या नावाखाली बाजूला जाते.

तिसरी चूक सगळेच करतात. सातबाऱ्यावर गायरान दिसलं की अधिकारी सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचं नाव घेतात, आणि आपण मान खाली घालून परत येतो. तो निकाल शेवटपर्यंत वाच. अतिक्रमणं काढा असं त्यात आहेच, पण अपवादही आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेनं पट्टा, म्हणजे जागा दिल्याचा सरकारी कागद, दिलेला असेल, तर नियमित करता येतं. म्हणजे न्यायालयानं दार पूर्ण लावलेलं नाही. ती अधिसूचना राज्यानं काढायची आहे. जमीन हा राज्यसूचीतला विषय, नोंद १८. दिल्लीकडे बोट दाखवू देऊ नको.

म्हणून कायदा. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयानं बदलतो, कायदा बदलायला सभागृहात उभं राहावं लागतं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी काम मागितलं, योजना आली, पण मागेल त्याला काम हा हक्क १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानं झाला. जागेचंही तसंच व्हायला हवं. तुमच्या मसुद्यात पाच-सहा गोष्टी ठाम पाहिजेत. किती जागा: केंद्रानं २०१३ मध्ये वासभूमी हक्काचा, म्हणजे राहत्या घराच्या जागेच्या हक्काचा, मसुदा केला होता, त्यात दहा सेंट होते, म्हणजे चार गुंठे. तो कायदा झाला नाही, पण आकडा धरायला चांगला आहे. किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्यानं द्यायची. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. पर्यायी जागा दिल्याशिवाय उठवायचं नाही. आणि ओडिशानं २०१७ मध्ये शहरी झोपडपट्टीसाठी केला तसा पट्टा: वारसाला जावा, कर्जासाठी गहाण ठेवता यावा, पण विकता येऊ नये. विकता आला की दोन वर्षांत तो सावकाराच्या घरात जातो.

आमदार अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर आमदारानं स्वतः मांडलेलं विधेयक, आणायला तयार झाले तर एक अडचण आधीच ओळखून ठेव. विधेयकातून राज्याच्या तिजोरीवर खर्च पडणार असेल तर घटनेच्या अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. वित्तीय ज्ञापन, म्हणजे विधेयकासोबतचं खर्चाचं टिपण, कोरं सोडू नका. सरकारी जमीन वाटायला किती खर्च, मोजणीचा किती, हे मांडा. विधेयक निघेपर्यंत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी चालू ठेवा. प्रश्न ‘घरकुल कधी देणार’ असा नको. ‘जागा नाही म्हणून किती मंजूर घरकुलं थांबली, तालुकानिहाय सांगा’ असा विचारा. आकडा एकदा सभागृहात आला की तो नाकारता येत नाही.

मला म्हणतात, ही बाई एकच गोष्ट धरून बसते. बसते. आमच्या पिढीनं रक्कम वाढवून मागितली. इंदिरा आवासच्या ७० हजारांचे १ लाख २० हजार झाले. हप्ते मागितले, तेही मिळाले. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या घरांत आज माणसं राहतात. पण ज्यांच्याकडे जागा नव्हती ते प्रत्येक वेळी मागे राहिले, आणि आम्ही पुढच्या यादीचं बोलत राहिलो. ते मला सलतं. आधी जागा, हे आम्ही वेळेत म्हटलं नाही.

राहिला प्रश्न माणसं जमवायचा. तुझ्या वस्तीतले निम्मे लोक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की घरांना कुलपं. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात, अर्थसंकल्पाचं मार्चात, २६ जानेवारीची ग्रामसभा, सगळं ते फडावर असताना. सर्वेक्षणवाला येतो, ‘घर बंद’ लिहितो, नाव कटतं. म्हणून तुझं वर्ष जूनपासून धर. पावसाळी अधिवेशन आणि १५ ऑगस्टची ग्रामसभा, या दोन वेळा लोक गावात सापडतात. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या लागते. बत्तीस घरांतली मोठी माणसं एकत्र आली तरी बरंच काम होतं. ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि कुटुंबांची नावं आली पाहिजेत, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही त्याच दिवशी.

फायली सोडू नको. प्रत्येक अडलेली फाईल म्हणजे विधेयकाच्या उद्देश व कारणांतली एक ओळ आहे. नकाराचं लेखी पत्र मागून घे, तोंडी ‘होत नाही’ ऐकून उठायचं नाही.

आधी टेप घे आणि बत्तीस घरं मोज. मोजमापाचा कागद आणि गट नंबर मला पाठव, ठरावाचा मसुदा आपण दोघं बसून लिहू.

तुझी,
ताई